रेकॉर्ड हातात कोण ठेवतं?

10 जुलै 2015 पासून जगभरातल्या रेकॉर्ड कंपन्यांनी नवे अल्बम बाजारात आणण्यासाठी एकच वार ठरवून घेतला : शुक्रवार. गुरुवारची मध्यरात्र उलटली की नवी गाणी खुली होतात, आणि ती मुंबईत ज्या घटकेला मिळतात त्याच घटकेला परभणीतही मिळतात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं लोक आमच्या जिल्ह्याबद्दल म्हणतात आणि आम्हीही ते मान डोलावून ऐकत आलो. मागे राहण्याची इतकी सवय झाली आहे की या एका बाबतीत आपण कोणाच्याही मागे नाही, हे फारसं कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. जिंतूरच्या किंवा सोनपेठच्या एखाद्या मुलाच्या खिशात आज हेवी मेटलचा आणि ऑल्टरनेटिव्ह रॉकचा जवळपास सगळा साठा आहे. तरीही या वर्षी आलेल्या एखाद्या अल्बमबद्दल दोन वाक्यं बोलणारा माणूस इथे क्वचित भेटतो. आवड असलेली मुलं भेटतात, भरपूर भेटतात. पण त्यांचं ऐकणं मेटालिका, निर्वाणा, लिंकिन पार्क अशा तीन-चार नावांपाशी येऊन थांबलेलं असतं. ती नावं मोठीच आहेत. प्रश्न त्यांच्यापुढचं का सापडत नाही, हा आहे.

पूर्वी कारण उघड होतं. मुंबईत रॉक मशीन हा बँड 1984 साली उभा राहिला, 1986 पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’चे जलसे होऊ लागले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातला आवाज थांबला. 1993 साली अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक काढलं. ते महानगरातून निघालं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण परभणीपर्यंत यातलं काय पोचायचं? एखादा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला किंवा औरंगाबादला जायचा, होस्टेलच्या खोलीत कोणाकडून तरी कॅसेट भरून घ्यायचा आणि दिवाळीच्या सुट्टीत ती घेऊन गाडीतून उतरायचा. मग ती कॅसेट चार घरी फिरायची. त्या दिवसांबद्दल हळहळणारं लिखाण खूप होतं. मला ते पटत नाही. तो रस्ता पैसा, इंग्रजी आणि शहरातली ओळखपाळख असणाऱ्यांचाच होता. ज्याचा भाऊ पुण्याला शिकत नव्हता त्याच्यासाठी तो बंदच होता. आणि मुलींसाठी तर बहुतेक नव्हताच.

2016 मध्ये डेटा स्वस्त झाला आणि तो रस्ता सगळ्यांना मोकळा झाला. त्याआधी काही वर्षं मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर हिंदी, मराठी, भीमगीतं, कव्वाली, डीजे रिमिक्स असे फोल्डर असायचे आणि तळाशी नुसतं ‘इंग्लिश’ लिहिलेलं एक. त्या एका फोल्डरमध्ये मायकल जॅक्सनपासून मेटालिकापर्यंत सगळे दाटीवाटीने नांदायचे. त्या दुकानदाराची मी कदर करतो. त्याला रॉकमधलं काही कळत नसेल, पण कोणतं गिऱ्हाईक कसलं कार्ड भरून नेतं हे त्याच्या लक्षात असायचं, आणि ‘मागच्या आठवड्यात एक पोरगं हेच मागत होतं’ एवढं तो सांगू शकायचा. त्या वाक्यातून दोन अनोळखी श्रोत्यांची गाठ पडू शकत होती.

आता ते काम यंत्राकडे आहे. 2019 च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं. त्याची ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी दर सोमवारी 30 गाणी पुढ्यात ठेवते. तिची रीत ढोबळमानाने अशी : तुम्ही जे ऐकता ते ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकलं आणि कोणती गाणी एकाच यादीत शेजारी शेजारी ठेवली, हे पाहायचं आणि त्यातलं तुम्ही न ऐकलेलं तुमच्यापुढे आणायचं. यात लबाडी काही नाही, आणि जुन्या गाण्यांच्या बाबतीत ती रीत उत्तम चालते. पण आजच आलेल्या, लहान बँडच्या अल्बमचं काय? तो अजून कोणी ऐकलेलाच नाही. त्याच्या शेजारी कोणी काही ठेवलेलं नाही. यंत्राला दुसरा, दहावा, दहा हजारावा श्रोता होता येतं. पहिला होता येत नाही. ध्वनीची छाननी करून गाण्याची गती किती, आवाज किती चढा, पट्टी कोणती एवढं ते सांगू शकतं. तेवढ्यावरून हे गाणं कोणाच्या जिवाला भिडेल हे कळत नाही. म्हणून नवं जितकं खरोखर नवं, तितकं ते यादीत उशिरा येतं, आणि परभणीच्या मुलाला तीच ती तीन-चार नावं फिरून फिरून मिळत राहतात.

यंत्राला जे जमत नाही ते माणसाला कसं जमतं, याचा एक दाखला या संगीताच्या मुळाशीच आहे. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा सतरा वर्षांचा पोरगा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार संपली असं धरून बसलेल्या त्या मुलाच्या हातात कारखान्यातल्या वरिष्ठाने एक रेकॉर्ड ठेवली : जँगो राइनहार्टची. आगीत भाजल्यामुळे राइनहार्ट मुख्यतः डाव्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवायचा. आयोमीने मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या घेतल्या. पुढे तारांचा ताण उतरवून त्या खालच्या सुरात लावल्या. ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडच्या 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधला तो खोल, जड आवाज तिथून आला. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 चा. त्यानंतरचं सगळं हेवी मेटल या बँडचं देणं लागतं, आणि त्याच्या उगमाशी एक माणूस आहे, ज्याने दुसऱ्या माणसाची नड ओळखून योग्य रेकॉर्ड त्याच्या हातात दिली. आयोमीच्या आवडीनिवडीचा कितीही हिशेब मांडला असता तरी त्या दिवशी राइनहार्टचं नाव निघालं असतं, असं मला वाटत नाही.

हे संगीत आपल्या मातीतलं नाही, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. मला तो कानाच्या अनुभवाशी जुळत नाही. आयोमीने तार सैल केली; आमच्याकडे हलगीवाला मिरवणुकीआधी पाचोळा पेटवून त्यावर हलगी शेकतो, म्हणजे कातडं ताणलं जातं आणि आवाज फुटून निघतो. वाद्याच्या ताणाशी झटून हवा तो आवाज काढायचा, ही खटपट एकच. गिटारच्या डिस्टॉर्शनला लोक ‘घरघर’ म्हणतात. पण तंबोऱ्याची जवारी काढताना आपण काय करतो? घोडीचा माथा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि मुद्दाम असा झंकार उठवायचा की एका स्वरातून त्याचे अनेक उपस्वर जागे व्हावेत. डिस्टॉर्शनमध्ये अॅम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त जोराचा संकेत दिला जातो, लहरींचे माथे कापले जातात आणि असेच उपस्वर उसळतात. गोंधळाच्या रात्री संबळ ऐकलेल्या माणसाला जड ठोक्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

मात्र मोठा आवाज आणि जड आवाज यांत गल्लत करू नये. रस्त्यावरच्या डीजेच्या भिंतीपुढे छाती हादरते, पण गाण्यातलं काही ऐकू येत नाही. चांगला मेटल अल्बम हळू आवाजातही जडच राहतो. तो जडपणा रचनेतून येतो : रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरावटीची छोटी ओळ, ती किती वेळ धरून ठेवायची, कुठे मोडायची, गप्प कुठे व्हायचं.

हे मराठीत लिहिलेलं कुठे वाचायला मिळतं? केशवराव भोळ्यांनी टोपणनावाने आपल्या काळातल्या गायकांवर लिहिलं, तेव्हा ते गायक हयात होते, गात होते. लिहिणाऱ्याने आपल्या कानाची जोखीम घेतली होती. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (1961) स्वर आणि लय या दोन टोकांच्या मध्ये घराणी मांडली : किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे. अशोक रानड्यांनी लोकसंगीतालाही शास्त्राच्या पंगतीला बसवलं. एवढी तालीम असलेली भाषा रॉकसमोर आली की मुकी होते, किंवा ‘तरुणाईचा जल्लोष’ अशा बातमीच्या मथळ्यावर थांबते. मला याची खरोखर खंत वाटते, कारण हत्यारं तयार आहेत. देशपांड्यांची तीच पट्टी मुंबईच्या बँडना लावून पाहा. डर्ज या बँडचा ‘आ पुच’ (2018) संथ आहे; एकेक सूर तापवत, ओढत नेणारा. तो स्वराच्या टोकाकडे. 1998 पासून वाजवणारा सेप्टर हा थ्रॅश बँड लयीच्या टोकाकडे. तिथे सूर ठोक्याच्या मागे धावतो. किराणा ऐकून कान तयार झालेल्या वाचकाला एवढं सांगितलं तर कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेल.

आणि ऐकायला आहे तरी किती! डेमॉनिक रिझरेक्शन या बँडने 2017 मध्ये ‘दशावतार’ हा अल्बम काढला. मत्स्य, कूर्म, वराह अशी एकेका अवताराची रचना, डेथ मेटलच्या अंगाने. दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल आणि बासरी घेऊन 2019 मध्ये जर्मनीतल्या वाकेनच्या महोत्सवात वाजवलं आणि 2022 मध्ये ‘रक्षक’ आणला. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर घेतो. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव असलेल्या जिल्ह्याने त्याच्यावर काही मत द्यायला नको का, बरं किंवा वाईट? कबीर शाक्य यांचा ‘धम्म विंग्स’ आंबेडकरी गाणं रॉकमध्ये मांडतो. भीमगीतांची परभणीइतकी जाणती श्रोतेमंडळी फार थोड्या ठिकाणी असतील. मुंबई इथून रेल्वेने एका रात्रीवर आहे. कॅलिफोर्नियातले चाळीस वर्षांपूर्वीचे अल्बम पाठ असलेल्या मुलाला एका रात्रीच्या प्रवासावरचा बँड ठाऊक नसतो. हा मुलाचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलं नाही.

सांगणारा एकटा माणूस काय करू शकतो, हे जॉन पील यांनी बीबीसीच्या रेडिओ वनवर 1967 पासून 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत दाखवून दिलं. नेपाम डेथसारखा, सेकंद-दोन सेकंदांत गाणं संपवणारा बँड त्यांनी लोकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या राष्ट्रीय रेडिओवर वाजवला. असा सांगणारा माणूस चुकतोही. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमला लेस्टर बँग्जसारख्या बिनीच्या समीक्षकाने 1970 मध्ये मोडीत काढलं होतं. पण ज्याने नाव घालून मत दिलं त्याच्याशी भांडता येतं; त्या भांडणातून दहा जण तो अल्बम स्वतः ऐकून पाहतात. सोमवारच्या यादीशी कोण भांडणार?

परभणीला आकाशवाणीचं केंद्र आहे, कृषी विद्यापीठ आहे, तिथे राज्यभरातून आलेल्या मुलामुलींची वसतिगृहं आहेत, गणेश वाचनालय आहे, बी. रघुनाथांच्या नावाने भरणारा महोत्सव आहे. 1995 मध्ये नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवलेलं हे शहर आहे. नव्या पुस्तकावर एक तास बोलायला इथे माणसं जमतात. महिन्यातून एक संध्याकाळ नव्या अल्बमला द्यायला वेगळी इमारत लागत नाही. दोन बरे स्पीकर, एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि नंतर बोलणं. कोणी तरी तो आधी नीट ऐकून आलेला असावा आणि हाच का निवडला ते त्याने सांगावं. मराठी नियतकालिकांनीही महिन्याला एक पान द्यावं. त्यात बँड कुठला, कोणत्या भाषेत गातो, कोणत्या गाण्यापासून सुरुवात करावी, आणि ऐकणाऱ्याला तो का आवडला किंवा का आवडला नाही, एवढं असलं तरी पुरे.

याचा बँडलाही रोकडा उपयोग आहे. 2024 पासून स्पॉटिफायवर जे गाणं मागच्या बारा महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं गेलेलं नाही, त्याला मोबदला मिळत नाही. मोठ्या नावांना हा आकडा दिसतही नाही; नवख्या बँडची बहुतेक गाणी त्याच्या अलीकडे अडकतात. परभणी, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड मिळून 50 श्रोत्यांनी एखादं गाणं वर्षभरात वीस-वीस वेळा ऐकलं तर ते गाणं ती रेषा गाठतं. आणि त्यातल्या दहांनी बँडकॅम्प या संकेतस्थळावर अल्बम विकत घेतला, तर डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के त्या संस्थेला आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता बाकीचे बँडला जातात.