परक्याचा निरोप

दुसऱ्याचा निरोप नेणाऱ्याने तो उघडून पाहावा काय, आणि त्या निरोपात काही पाप असेल तर त्याचा वाटा नेणाऱ्याकडे येतो काय, हा प्रश्न जुनाच आहे. पाकिटाचा डिंक आणि टपालाचा शिक्का यांनी तो आपल्यापुरता मिटवला, म्हणून तो सुटला असे आपण समजतो. परंतु ज्यांनी कोणाही एकाच्या मालकीचे नसलेले बिनतारी जाळे स्वतःच्या छपरांवरून विणायला घेतले, त्यांच्यापुढे तो पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी डिंकाने भागण्यासारखे नव्हते.

ही माणसे कोण? स्पेनमधील कॅटलोनियात ओसोना नावाचा भाग आहे. तेथील विखुरलेल्या घरांपर्यंत वेगवान इंटरनेट नेणे दूरध्वनी कंपन्यांना परवडेना. तेव्हा २००४ साली तेथल्या लोकांनी अँटेना बसवून घराला घर जोडायला आरंभ केला. 'गुइफी' नावाचे ते जाळे पुढे ३० हजारांहून अधिक ठिकाणी पोचले. बर्लिनमध्ये त्याच्या थोडे आधी 'फ्रायफुंक', म्हणजे मुक्त बिनतारी, ही चळवळ सुरू झाली होती. अशा जाळ्यांतील कराराचा गाभा साधा असतो: माझ्या छपरावरून तुझा निरोप मी जाऊ देईन, त्यात ढवळाढवळ करणार नाही; तूही तसेच कर. आपल्याकडे इर्जिकीला बैल घेऊन जाणारा शेतकरी याहून वेगळे काय करतो? फरक इतकाच, की शेत कोणाचे हे त्याला ठाऊक असते.

हे सारे फुकट आहे असे मात्र म्हणता येत नाही. एकच रेडिओ असलेला छपरावरचा राउटर एका वेळी एक तर ऐकतो किंवा बोलतो, आणि तो बोलत असताना त्याच्या टप्प्यातल्या इतरांना गप्प बसावे लागते. म्हणून निरोपाला मध्ये एक घर लागले की वेग निम्मा होतो. दोन घरे लागली की तिसऱ्या हिश्श्यावर येतो. वाटेत पानांनी भरलेले झाड आले, तर त्या पानांतले पाणीच लहरी पिऊन टाकते. गुप्ता आणि कुमार या दोन शास्त्रज्ञांनी २००० साली गणिताने दाखवून दिले की, अशा जाळ्यात कोणीही कोणाशीही बोलू लागले आणि घरे वाढत गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता घरांच्या संख्येच्या वर्गमुळाहूनही किंचित अधिक प्रमाणात घटत जाते. शंभराची दहा हजार घरे झाली, तर पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. कारण प्रत्येकाचा अधिकाधिक वेळ परक्याचे ओझे वाहण्यात जातो. वर्गमूळ मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो आहे. त्यात परोपकाराचाही हिशेब मांडता येतो, हे मला या गणिताने शिकवले.

मग चौरस्त्यावरच्या घराने काय करावे? सर्वांचे निरोप त्याच्याच छपरावरून जाणार. 'आधी माझे, मग उरले तर तुझे' असा नियम राउटरला घालून देता येतो. तहानलेल्याने आधी स्वतः पाणी प्यावे, यात मला अधर्म दिसत नाही. पण तो नियम त्याने लपवून ठेवला, तर गोष्ट बदलते.

ती का बदलते, हे समजायला निरोपाला वाट कशी सापडते ते पाहावे लागेल. बर्लिनकर प्रथम जी पद्धत वापरीत, तीत प्रत्येक राउटर सबंध जाळ्याचा नकाशा स्वतः मांडीत असे. घरे काही शेकड्यांवर गेली, तेव्हा त्या स्वस्त यंत्रांना हे गणित झेपेना. तेव्हा तेथल्याच मंडळींनी २००६ च्या सुमारास 'बॅटमॅन' नावाची नवी पद्धत काढली. (नाव पोरकट आहे, कल्पना नाही.) तीत सबंध नकाशा कोणापाशीच नसतो. दूरच्या घराची 'मी आहे' ही हाक आपल्या कोणत्या शेजाऱ्याकडून सर्वांत चांगली ऐकू येते, एवढेच प्रत्येकजण लक्षात ठेवतो, आणि त्या घरचा निरोप त्याच शेजाऱ्याच्या हाती देतो. पुढचे तो पाहील.

ही व्यवस्था मला सुंदर वाटते आणि तिची भीतीही वाटते. एखाद्या राउटरने 'प्रत्येक घरची जवळची वाट माझ्याकडूनच आहे' असे खोटे सांगितले, तर चहूकडचे निरोप त्याच्याकडे जातील आणि तो ते मुकाट्याने टाकून देऊ शकेल. सहीशिक्क्याची गणिती युक्ती करता येते. पण तिने बोलला कोण एवढेच कळते, तो शब्द पाळणार काय हे कळत नाही. 'माझ्याकडून इतकेच जाईल' असे उघड सांगणाऱ्याला टाळून दुसरी वाट शोधता येते. जो रुंद रस्ता दाखवून अरुंद बोळात नेतो, त्याच्यापुढे इतरांचा इलाज चालत नाही.

आता उघडून पाहण्याचा प्रश्न. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने मे २०१० मध्ये एक निकाल दिला. कोणा गृहस्थाच्या घरच्या बिनतारी जोडणीतून परक्याने एक गाणे बेकायदा वाटले. गृहस्थ तेव्हा सुटीवर गेलेले. त्यांनी नुकसानभरपाई द्यावी असे न्यायालयाने म्हटले नाही; पण जोडणीला पुरेसे कुलूप न लावल्याबद्दल मनाईहुकूम आणि नोटिशीचा खर्च त्यांच्यावर येऊ शकतो, असे ठरवले. फ्रायफुंकची सारी कल्पना तर बिनकुलपाच्या दारावर उभी! तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी पाहुण्यांचे निरोप गुप्त लिपीतून स्वीडनसारख्या देशात नेऊन तेथून बाहेर सोडायला सुरुवात केली. २०१७ साली कायदा बदलून हा बोजा उतरवण्यात आला.

न्यायालयाला हसण्याचे कारण नाही. ज्याचे गाणे चोरीला गेले त्याला चोर सापडत नाही. दार तेवढे दिसते. परंतु वाहणाऱ्याला जबाबदार धरले की त्याला पाहावेच लागेल, आणि प्रत्येकजण पाहू लागला की आपला प्रत्येक शब्द वाटेतल्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांखालून जाईल. दूरच्या कंपनीने वाचण्यापेक्षा हे मला अधिक वाईट वाटते, कारण शेजारी आपल्याला तोंडाने ओळखतो. म्हणून त्याने पाहू नये, असेच माझे मत आहे. त्याच्याकडून मागायचे ते वेगळे: खोटी वाट सांगू नये, मर्यादा लपवू नये, यंत्र बंद पडले तर दुरुस्त करावे. चोरी झालेल्या गायकाचे याने समाधान होणार नाही, हे मला दिसते.

शिवाय केंद्र नको म्हणून ते जाते असेही नाही. शहरात छपरावरून छपरावर लहरी फार लांब जात नाहीत, म्हणून बर्लिनच्या मंडळींनी चर्चच्या मनोऱ्यांवर अँटेना चढवून मनोरे एकमेकांना जोडले. गुइफीने जाळे सर्वांचे ठेवले, पण त्यावर व्यापार करणाऱ्यांनी वापराच्या प्रमाणात खर्चाचा वाटा उचलावा, अशी व्यवस्था केली. मला हीच रीत अधिक प्रामाणिक वाटते; निदान दुरुस्ती करणाऱ्याचे श्रम तीत मोजले जातात. कारण वादळाने मनोऱ्यावरची अँटेना थोडीशी फिरली, की खालच्या घरांचे निरोप अडकतात, कोणाला तरी किल्ली मागून पायऱ्या चढाव्या लागतात, आणि ज्यांच्यासाठी तो चढतो त्यांतल्या बहुतेकांना त्याचे नावही माहीत नसते.