पाचशे डॉलरच्या बाहेरचा हिशेब

अमेरिकेत 2006 पासून ‘24 अवर्स ऑफ लेमन्स’ ही हौशी मोटारशर्यत भरते. गाडीवर 500 डॉलरच खर्चायचे. सुरक्षेचं सामान त्यातून वगळलेलं. आमचा डेट्रॉइटचा संघ ही मर्यादा काटेकोर पाळतो. पण गाडी शर्यतीला नेण्याचा खर्च या हिशेबात येतच नाही. ट्रेलर जोडला की ट्रक पेट्रोल अक्षरशः पितो, वर मोटेल, चौघांचं दोन दिवसांचं जेवण. हे सगळं बाजूला ठेवून ‘पाचशेची गाडी’ म्हणून मिरवणं सत्याला धरून आहे का?

मी सांगलीकडचा जैन; हा प्रश्न पडला की मला आजी आठवते. तिने दिग्व्रत, म्हणजे प्रवासाच्या दिशांना मर्यादा घालण्याचं व्रत, घेतलं होतं. पूर्वेला सम्मेदशिखरजीच्या पुढे नाही, दक्षिणेला श्रवणबेळगोळच्या पुढे नाही, आणि हे मरेपर्यंत. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, बारा व्रतांत आधी परिग्रहाला मर्यादा येते, मग दिशांना. हा क्रम मला फार खोल वाटतो. घरातल्या वस्तू मोजून ठेवल्या आणि पाय मोकळे सोडले, तर हाव पायवाटेने बाहेर पडतेच.

म्हणून आम्ही दिशा ठरवल्या. साउथ हेवनचा जिंजरमन ट्रॅक डेट्रॉइटपासून साधारण तीनशे किलोमीटरवर आहे, तो चालेल. कॅलिफोर्निया नाही, कितीही मोह झाला तरी. प्रवासाचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढायचे, उरलं तर गाडी.

नव्या संघांना माझी विनंती आहे: गाडी शोधण्याआधी नकाशा उघडा, आणि कुणी किंमत विचारली तर ट्रेलरसकट सांगा.