आख्यानानंतरचे निरूपण

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग घेऊन त्यातील तत्त्व उलगडतो, म्हणजेच निरूपण करतो, आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला आधार देणारी कथा, म्हणजे आख्यान, रंगवून सांगतो. त्यामुळे श्रोता कथेपाशी पोहोचतो तेव्हा तिच्यातून काय घ्यायचे हे त्याला बऱ्याच अंशी आधीच उमगलेले असते. चित्रपटाने मराठी समाजाला आख्यान दिले, आणि कोणत्याही कीर्तनकाराला साधली नसती इतक्या थाटाने दिले, पण त्याला जोडलेला पूर्वरंग दिला नाही. कथा संपते, दिवे लागतात आणि निरूपणाची जबाबदारी प्रेक्षकावर येऊन पडते. लोकप्रिय चित्रपटात आपल्या जगण्याचा अर्थ शोधण्याच्या मराठी सवयीचा इतिहास पाहू गेल्यास, ही रिकामी जागा कोणत्या काळी कोणी भरली याचाच तो इतिहास असल्याचे दिसते.

करमणुकीतून शिकवण मिळते हा विचार अर्थातच चित्रपटाहून कितीतरी जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने नाट्याला दुःखार्तांची विश्रांती आणि लोकांना उपदेश अशी दोन्ही कामे नेमून दिली. अकराव्या शतकातील मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’ने उपदेशाच्या रीतींत भेद केला. वेद आज्ञा करतात म्हणून त्यांचा उपदेश प्रभुसंमित, म्हणजे धन्यासारखा. पुराणे मित्रासारखी समजावतात म्हणून त्यांचा सुहृत्संमित. आणि काव्य प्रियेसारखे रसात गुंतवून मन वळवते म्हणून त्याचा उपदेश कांतासंमित. या तिसऱ्या रीतीत उपदेश वेगळा काढून दाखवता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढच्या साऱ्या घोळाचे मूळ त्यातच आहे.

दादासाहेब फाळके यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत लिहून ठेवले. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि 1917 चा ‘लंका दहन’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला वेगळ्या निरूपणाची गरज नव्हती, कारण हरिश्चंद्राचे सत्त्व आणि रामाची मर्यादा हा पूर्वरंग त्याने घरी, देवळात आणि कीर्तनात शेकडो वेळा ऐकलेला होता. पडद्यावर राम दिसताच हात जोडणाऱ्या प्रेक्षकाची जी वर्णने सांगितली जातात, त्यांत अर्थाचा शोध नाही. तेथे दर्शन आहे, म्हणजे आधीच मानलेल्या गोष्टीची डोळाभेट आहे.

अर्थाचा खरा शोध प्रभातच्या काळात सुरू झाला. 1936 च्या ‘संत तुकाराम’ने पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नाव कमावले, आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा विषय उघडच भक्ती हा आहे, पण तो पाहून घरी परतणाऱ्यांच्या मनात तुकारामाइतकीच त्याची बायको रेंगाळत राहिली असल्यास नवल नाही. आजारी पोर घेऊन, हाती चप्पल धरून विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी आणि अखेरीस वैकुंठाचे बोलावणे आले तरी मुलाबाळांचा संसार टाकून न जाणारी ही बाई संतचरित्राच्या ठरलेल्या निरूपणात पूर्णपणे बसत नाही. ज्या घरात पुरुषाचे लक्ष परमार्थात आणि बाईचे पिठाच्या डब्यात असते, त्या घरातील बाईला या चित्रपटाने स्वतःचा वेगळा अर्थ काढण्याची मुभा दिली. दिग्दर्शकांना ते अभिप्रेत होते की नव्हते, हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही.

पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्या विधुर काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मनाने मानायला शेवटपर्यंत तयार होत नाही, आणि तिच्या नकारासमोर काकासाहेब हळूहळू तिला मुलगी मानण्यापर्यंत येऊन पोहोचतात. जरठ-बाला विवाहाविरुद्ध मराठीत ‘संगीत शारदा’पासून लिहिले गेले होते, त्यामुळे प्रश्न नवा नव्हता, नवा होता तो ज्याच्याकडे दोष जातो त्याच म्हाताऱ्याच्या मनातील बदल प्रेक्षकाने त्याच्याबरोबर अनुभवणे. संस्कृत साहित्यशास्त्रात याला साधारणीकरण म्हणतात, म्हणजे पात्राची भावना त्या एका व्यक्तीपुरती न राहता पाहणाऱ्या कोणाचीही होणे. एरवी निबंध वाचून मान डोलावणारा गृहस्थ येथे स्वतःच्या नकळत आरोपीच्या जागी बसला. समाजसुधारकांना व्याख्यानाने जे साधले नव्हते ते काही प्रमाणात अंधाऱ्या सभागृहात साधले, कारण तेथे त्याला कोणी पाहत नव्हते.

आचार्य अत्रे यांच्या 1953 च्या ‘श्यामची आई’ने या परंपरेला एक वळण दिले. साने गुरुजींचे पुस्तक मुळातच कथेतून संस्कार देणारे असल्याने चित्रपटालाही बोध अंगभूत होता. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई पदर पसरते, आणि मनालाही अशीच घाण लागू देऊ नकोस असे सुचवते, हा प्रसंग घराघरांत दाखल्यासारखा सांगितला गेला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट शाळांनी मुलांना रांगेने नेऊन दाखवला, आणि निरूपणाची जागा येथे शिक्षकाने व पालकाने घेतली. त्यातून कैक पिढ्यांना निर्मळ काहीतरी मिळाले हे मान्य करूनही, चित्रपट म्हणजे तात्पर्य असलेली गोष्ट, अशी समजूत याच वाटेने पक्की झाली हे नमूद करायला हवे. तळव्यांच्या प्रसंगात आईची गरिबी, तिची कंबर आणि तिचे भिजलेले लुगडेही आहे, पण तात्पर्यात ते उरत नाही.

तात्पर्याची ही पकड सत्तरच्या दशकात ढिली झाली. 1972 च्या ‘पिंजरा’त गावाने पुतळा उभारलेला आदर्श मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो, तेव्हा आदर्श जपला गेला की माणूस मारला गेला याचे उत्तर प्रेक्षकाला स्वतःच द्यावे लागते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला, 1975 च्या बर्लिन महोत्सवात गेलेला ‘सामना’ तर एका प्रश्नाभोवतीच उभा आहे. मारुती कांबळेचे काय झाले, हे साखरसम्राट हिंदुरावाला विचारत राहणाऱ्या मास्तराचा तो प्रश्न चित्रपटाबाहेर पडून मराठी सार्वजनिक बोलण्यात रुळला, आणि सत्ता जेथे जेथे माणूस गिळून वर गप्प बसते तेथे तेथे तो वापरला गेला. प्रेक्षक पडद्यावरून उत्तराऐवजी प्रश्न घरी नेऊ लागला, ही या विचाराच्या प्रवासातील सर्वांत मोठी पायरी मानावी लागेल. याच सुमारास अमेरिकेत स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने 1981 च्या ग्रंथात हॉलिवुडच्या सात जुन्या विनोदी चित्रपटांना नीतिविचाराचे गंभीर ग्रंथ असल्याप्रमाणे वाचून दाखवले. लोकप्रियता आणि विचार यांचे हाडवैर नाही हे मराठी प्रेक्षकाला मात्र ‘सामना’ने आधीच पटवले होते.

या प्रवासाचे पुढचे स्थानक कल्याण-डोंबिवली परिसरात आहे, आणि ते अक्षरशः स्थानक आहे. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ 2005 साली आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 1993 च्या ‘फॉलिंग डाउन’ या अमेरिकन चित्रपटाची बीजकल्पना घेतलेली असली तरी त्यातील माधव आपटे हा बँकेतला माणूस सर्वस्वी येथला आहे. सुरुवातीलाच त्याचा दिवस पुन्हा पुन्हा दाखवला जातो: उठणे, डबा, गाडी, गर्दी, कचेरी, परत गाडी. थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीहून जास्त पैसे मागितले जाण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीने त्याचा तोल सुटतो, हातात बॅट येते, आणि शहरातल्या प्रत्येक बेकायदा गोष्टीशी तो एकटा भिडत जाऊन शेवटी गोळीला बळी पडतो.

ठाकुर्लीसारख्या ठिकाणी या चित्रपटाचा अर्थ आणखी धारदार होतो. रेल्वेच्या चोळे वीजघरामुळे आणि रेल्वे वसाहतीमुळे ओळखले जाणारे हे स्थानक डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये आहे, पण जलद गाडी तेथे थांबत नाही. ठाकुर्लीकराला धीमी लोकल धरावी लागते, नाहीतर डोंबिवली गाठून तेथल्या गर्दीत घुसावे लागते. न थांबणारी जलद गाडी रोज फलाटासमोरून धडधडत निघून जाताना पाहणाऱ्याला आपटेच्या कंटाळ्याचे निरूपण कोणी करून देण्याची गरज नाही. गाडीच्या डब्यात ठरलेल्या जागी उभा राहणारा ग्रुप, त्यातच टाळ वाजवत भजन म्हणणारी मंडळी आणि घाटकोपर येईपर्यंत चालणारी चर्चा, हेच येथले निरूपणाचे ठिकाण राहिले आहे. टिळक, गोपी, पूजा-मधुबन यांसारख्या चित्रपटगृहांत पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ सोमवारी सकाळी उभ्याने, एका हाताने कडी धरून लावला गेला.

तो अर्थ सरळ नव्हता. आपटेच्या रूपाने आपला राग कोणीतरी बोलून दाखवला, या भावनेने अनेकांनी त्याला नायक केले. हा राग काल्पनिक नव्हता, याची साक्ष 2 जानेवारी 2015 रोजी दिवा स्थानकात उसळलेल्या उद्रेकाने दिली. गाड्यांच्या खोळंब्याने संतापलेले प्रवासी त्या दिवशी रुळांवर उतरले, दगडफेक झाली आणि मोटरमनला मारहाणही झाली. आपटेची बॅट अन्याय करणाऱ्यावर चालते या समजुतीने टाळ्या वाजवणाऱ्याने त्या दिवशीच्या मोटरमनचाही विचार करायला हवा, कारण तोही त्याच यंत्रणेत पिचणारा चाकरमानी होता.

या जागी ठाण्यातील एका कामाचा उल्लेख आवश्यक ठरतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली तेथे उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी मध्यमवर्गापर्यंत पोहोचवण्यास हातभार लावला. घटना माणसाला थेट दुःखी करत नाही, घटनेविषयीचा त्याचा हट्टी समज करतो. जग असेच चालायला हवे, ही इच्छा राहू शकते पण तिची मागणी झाली की माणूस मोडतो, असे ही पद्धती थोडक्यात मानते. या चष्म्यातून पाहिले असता आपटेची तत्त्वे चुकीची ठरत नाहीत, मात्र त्या तत्त्वांपुढे जगाने झुकलेच पाहिजे ही त्याची मागणी त्याला संपवते. पहिल्या निरूपणात तो नायक आहे, दुसऱ्यात तो मदतीवाचून राहिलेला माणूस आहे, आणि चित्रपट दोन्ही अर्थ सामावून घेतो. ज्याला रोज त्या गाडीने जायचे आहे त्याला दुसरा अर्थ अधिक उपयोगी पडेल, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

अर्थ असा खुला राहण्यात धोकाही आहे, आणि नागराज मंजुळे यांच्या 2016 च्या ‘सैराट’ने तो दाखवून दिला. जात ओलांडून लग्न केलेल्या जोडप्याच्या खुनानंतर, आवाज नसलेल्या शेवटच्या दृश्यात रक्तात भरलेली लहान पावले दिसतात. तेवढ्यावरून कोणाला जातीच्या क्रौर्याचा धिक्कार करावासा वाटला आणि कोणी घरातल्या मुलीला, असा शेवट होतो म्हणून ताकीद दिली. ज्या मुलीने ती ताकीद ऐकली तिच्यावर चित्रपटाच्या नावाने अन्यायच झाला, कारण मारणाऱ्यांकडे बोट दाखवणारी कथा तिच्यापुढे मरणाऱ्यांची चूक म्हणून मांडली गेली. मोबाइलवर फिरणाऱ्या, संवादातून उचललेल्या दोन ओळींच्या सुविचारांचेही काहीसे असेच होते. कांतासंमित उपदेश वेगळा काढून प्रभुसंमित आज्ञेसारखा वापरला जातो आणि त्याला जन्म देणारी माणसे गळून पडतात.

म्हणूनच सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांभोवती वाढलेली रीत लक्षणीय आहे. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘कासव’मध्ये नैराश्य आणि ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश हे विषय त्यांनी हाताळले; मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी ‘अस्तु’त मुख्य भूमिका केली आणि पुढे असे चित्रपट दाखवून नंतर प्रेक्षकांशी बोलण्याचे काम ठिकठिकाणी चालवले. ‘अस्तु’त संस्कृतचे गाढे पंडित स्वतःचे नावगाव विसरून एका हत्तीमागे निघून जातात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची निरक्षर बायको, जी त्यांचा आजार जाणत नाही पण त्यांना लेकरासारखे भरवते. पंडितांची मुलगी शहरात दवाखाना, नोकरी आणि अपराधी भावना यांत अडकलेली असते. घरी असा बाप किंवा अशी सासू असलेल्या माणसाला या दोन बायकांपैकी कोणाची बाजू घ्यावी हे चटकन कळत नाही. चित्रपटानंतरच्या चर्चेत तो उठून आपली अडचण सांगतो, रात्री दाराला कुलूप लावावे का, बाहेरच्या बाईच्या हाती सोपवले तर पाप लागते का, असे विचारतो, आणि समोर बसलेल्या डॉक्टरला आजाराविषयी व शेजारी बसलेल्याला स्वतःच्या घराविषयी बोलावे लागते.