नुसते पाहणे

शरदात खाडीवर पाखरे पाहावयास जाणारी मंडळी अलीकडे बरीच वाढली आहेत. ती म्हणतात, ‘बुवा, आम्ही मारीत नाही, धरीत नाही, नुसते पाहतो. त्यात दोष कसला?’ प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री बाणकोटला समुद्रास मिळते. आश्विन-कार्तिकात अशा खाड्यांवर उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. कुरव, तुतवार, चिखले. कोणी तिबेटच्या पठारावरून, कोणी सैबेरियातून. काहींचा देह मूठभर! ओहोटीने चिखल उघडा पडला की त्यातले किडे, लहान खेकडे हे त्यांचे अन्न. सहा तासांत भरती येऊन ताट झाकून टाकते.

पूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे बंदुकीने पाडून हातात घ्यायचा. डॉ. सालिम अलींची विद्याही लहानपणी मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच सुरू झाली. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली, हे चांगलेच झाले.

मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो. दुर्बीणवाले म्हणतील, तो दुसरा म्हणजे आम्हीच! पण बघा हं, त्या साक्षीच्या पाहण्याने पहिल्याचा घास अडत नाही. इथे पाहणारा ‘अजून थोडे जवळून’ म्हणत पाऊल टाकतो आणि सारा थवा उडतो. हजारो कोस उडून चरबी झडलेल्या जीवाचा घास गेला, वर गाठीचे बळही गेले. डोळे आमचे भरले, पोट त्याचे राहिले. याला भोग नाही तर काय म्हणावे? त्याच चिखलात तिसऱ्या वेचणाऱ्या बाईजवळ मात्र पाखरे खुशाल चरतात. ती वाकलेली असते, आपल्या कामात असते. त्यांच्या रोखाने चालत जात नाही.

मग पाहूच नये काय? हे आम्हांस मान्य नाही. ज्याने पाखरे पाहिली नाहीत त्याला खाडी म्हणजे नुसता चिखल. तो उद्या तिथे भराव घालील. पाहावे, पण चरणाऱ्या पक्ष्याने मान वर केली की पाऊल थांबवावे. गर्दीत राउळापर्यंत पोचता आले नाही तर वारकरी कळसाला हात जोडतो, आणि दर्शन झाले असेच घरी सांगतो.

शिवाय खाडीवर घाई करण्याचे कारणही नाही. भरती लागताना काठावर गुमान बसून राहावे. पाणी चढते, चिखल आखडत येतो आणि पाखरे मागे सरत सरत आपणहून आपल्या बाजूला येतात.