न विचारता ओळखणं

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. १९७६ साली राज्यघटनेत आलेल्या या यादीत प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणं हेही एक कर्तव्य आहे. मुलं यादी पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. पण दया पाठांतराने अंगी बाणत नाही. ती शिकायची तर भटक्या, जखमी जनावरांच्या निवारा केंद्रात जाऊन हातात झाडू घ्यावा लागतो.

तिथलं काम साधंच असतं. पिंजरे धुवायचे, पाण्याची भांडी भरायची, जुन्या चादरी वाळत घालायच्या, वेळेवर खाणं द्यायचं. हे करता करता विद्यार्थ्याची नजर तयार होते. आजारी माणूस "इथे दुखतंय" असं सांगू शकतो, कुत्र्याला ते सांगता येत नाही. काल ताटली चाटूनपुसून साफ करणारं कुत्रं आज कोपऱ्यात पडून आहे, पाण्याला त्याने तोंड लावलेलं नाही, एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या दिसताहेत. रोज त्याचं भांडं भरणाऱ्या मुलाच्या हे आधी लक्षात येतं, म्हणून डॉक्टरांना गोचीडतापाची तपासणी वेळेत करता येते.

भेदरलेल्या जनावराजवळ जाण्याचीही एक रीत असते. डोळ्यांत रोखून पाहत, वरून डोक्याकडे हात नेला की ते गुरगुरतं. त्यापेक्षा जरा अंतर ठेवून, अंग तिरकं करून खाली बसावं आणि जवळ यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. कधी दिवसच्या दिवस ते येत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच बसायचं. जीव लावून बरी केलेली कितीतरी कुत्री नसबंदी आणि लसीकरण होऊन आपल्या मूळ गल्लीत परत जातात. काही हाताशी असतानाच दगावतात. केलेल्या सेवेवर आपला हक्क नसतो, हे इतक्या लहान वयात दुसरीकडे क्वचितच कळतं.

आपल्या शिक्षणात प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं असतं. इथे प्रश्न कुणी विचारतच नाही, तो आपणच ओळखायचा असतो. ही सवय लागलेलं मूल घरात अबोल झालेल्या आजीकडे आणि मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या सोबत्याकडेही वेगळ्या नजरेने बघतं.

पालकांनो, सुटीच्या दिवशी दोन तास तरी मुलांना अशा ठिकाणी जाऊ द्या. जाण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस द्या. चावा किंवा ओरखडा लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठायला शिकवा. एवढी काळजी घ्या आणि मुलांना निःशंक मनाने पाठवा.