थोडे दिवस दुसऱ्याच्या हाती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥


कुणाच्या घरी आजारपण आलं की आपण डबा पोचवतो. पण मूल दिसायला धडधाकट असतं, भिंतीवर डोकं आपटून घेतं, आईला चावतं, रात्र रात्र झोपत नाही, अशा घरी आपण काय पोचवतो? सल्ला. नाहीतर "प्रारब्ध आहे हो तिचं." प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने स्वतःच्या दुःखात धीरासाठी वापरावा. दुसऱ्याच्या दारावर तो चिकटवू नये, असं मला तरी वाटतं.

अशा आईने मूल दोन-तीन दिवस दुसऱ्यांकडे सोपवून नुसती झोप काढली, तर ती कर्तव्याला चुकली का? पूर्वी सुट्टीत आई माहेरी जाऊन पाठ टेकायची आणि पोरं मामा-मावशीच्या अंगावर असायची. त्याला कुणी पोरं टाकली असं म्हणत नव्हतं. या मुलांना आजोळीही कुणी ठेवून घेत नाही, एवढाच फरक. थकून थकून शेवटी हात उगारणारी आई चोवीस तास जवळ असण्यात मुलाचं तरी काय भलं?

सरकारी सोय तोकडी आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'समर्थ' नावाची योजना आहे, पण तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरता. ज्याचं दुखणं निव्वळ भीतीचं आणि संतापाचं, ते मूल त्यात बसत नाही.

खरी अवघड बाजू मुलाची. आई सोडून जाईल हीच पुष्कळदा त्याची धास्ती असते. म्हणून डोळा चुकवून निघू नये. "आत्ता येते हं" म्हणून तीन दिवस न दिसणं हे असत्यच, मग ते कितीही मायेने बोललेलं असो. कुठे, कुणाकडे, परत कधी, हे सांगायचं. रडलं तरी सांगायचं आणि त्या वेळेला दारात हजर व्हायचं. सुरुवात तासाभराने करावी. सांभाळणारी माणसं दर खेपेला तीच हवीत.

आपल्या इंदूरच्या रविवारच्या उपासनेला अशी एक भगिनी येत असे. झांजांच्या आवाजाने मूल किंचाळायचं, कुणीतरी नाराजी दाखवली, ती यायची थांबली. आता दोघी ताई दर शनिवारी तासभर तिच्या घरी जाऊन बसतात. मूल अजून त्यांच्याशी बोलत नाही, पण परवा त्याने दार उघडलं. आणखी एकजण हवी आहे.