साथ : रोगाची आणि माणसाची



आपल्या मराठीत 'साथ' हा मोठा विलक्षण शब्द आहे. पटकीची साथ, प्लेगची साथ, तापाची साथ असे आपण म्हणतो. आणि त्याच तोंडाने 'सुखदुःखात साथ दे' असेही म्हणतो. एका अर्थाने तो माणसाला माणसापासून तोडणाऱ्या संकटाचे नाव आहे, तर दुसऱ्या अर्थाने माणसाला माणसाशी जोडणाऱ्या नात्याचे. विचार केला तर यात विसंगती नाही. माणसे ज्या वाटेने एकमेकांच्या सोबतीला जातात, त्याच वाटेने रोगही जातो. २०२० साली हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले, आणि एकाची निवड केली तर दुसऱ्याचे काय, असा प्रश्न घराघरांत विचारला गेला. त्या प्रश्नाचा विचार आज एका लहानशा जागेवरून करावा असे वाटते. ती जागा म्हणजे आपण ज्याभोवती बसून खेळतो तो पट.

खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीचा एवढा विचार कशाला, असे आपणांस वाटेल. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे जगात नेहमीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख अधिक माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या दुःखापुढे कॅरम आणि बुद्धिबळाची काय कथा! तरीही अनेकदा मोठा नैतिक प्रश्न लहान जागी अधिक स्वच्छ दिसतो.

कॅरमचेच पाहा. मुंबईच्या चाळीत, इंदूर-बडोद्याच्या वाड्यांत, चर्चच्या तरुण संघाच्या खोलीत हा खेळ आपण पाहिला आहे. त्याची खेळण्याची जागा प्रत्येक बाजूस सुमारे ७४ सेंटिमीटर असते. चौघे जण तिच्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि एकच स्ट्रायकर हातोहात फिरतो. महामारीत आपल्याला सांगण्यात आले, 'दो गज दूरी'. म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटर. हे दोन नियम एकाच वेळी पाळणे कोणालाही शक्य नव्हते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि उपासनामंदिरांच्या दारांबरोबर कॅरमच्या खोल्यांची दारेही बंद झाली. जर्मनीतील एसेन या शहरी दर ऑक्टोबरात बैठ्या खेळांचा मोठा मेळावा भरतो. २०१९ साली तेथे दोन लाखांहून अधिक लोक आले होते. २०२० साली मेळाव्याची दालने रिकामी राहिली आणि सारा कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर झाला.

येथे आपला प्रश्न उभा राहतो. ज्याने पटावरून उठून जाणे पसंत केले, त्याने मैत्री सोडली की मैत्री पाळली?

त्या दिवसांत काही जण म्हणत, "भय बाळगणे हे श्रद्धेला शोभत नाही, जे व्हायचे ते होईल." हे वाक्य धैर्याचे वाटते. परंतु त्यात एक गफलत आहे. माझ्या जिवाचा धोका मी पत्करणे हे धैर्य असू शकते. पण माझ्या श्वासावाटे माझ्या वृद्ध शेजाऱ्याच्या जिवाचा धोका मीच पत्करणे, याला धैर्य म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या डावातील सोंगटी आपण पणाला लावू शकत नाही. म्हणून त्या काळी दूर राहणे ही सोबतीचीच एक रीत होती.

बुद्धिबळाच्या जगात याचा एक बोलका दाखला घडला. मार्च २०२० मध्ये रशियातील येकातेरिनबर्ग येथे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणारी आठ खेळाडूंची स्पर्धा भरायची होती. अझरबैजानच्या तैमूर रजाबोव्ह यांनी रोगाचा धोका दाखवून स्पर्धा पुढे ढकलावी अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा त्यांनी माघार घेतली आणि त्यांच्या जागी दुसरा खेळाडू बसला. अनेक वर्षांच्या तपश्चर्येने मिळालेली खुर्ची त्यांनी सोडली. स्पर्धा सुरू झाली, सात फेऱ्या झाल्या, आणि २६ मार्च रोजी रशियाने परदेशी विमानवाहतूक थांबविल्यामुळे ती अर्ध्यावरच बंद करावी लागली. ती पूर्ण व्हायला एप्रिल २०२१ उजाडला. पुढे २०२२ च्या स्पर्धेत रजाबोव्ह यांना थेट स्थान देण्यात आले. उठून जाणारा नेहमीच भित्रा नसतो. कधी कधी पटावरची खरी परिस्थिती त्यालाच दिसलेली असते.

दुसरा दाखला एका खेळाचाच आहे. मॅट लीकॉक या अमेरिकन रचनाकाराचा 'पँडेमिक', म्हणजे महामारी, या नावाचा खेळ २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पटावर जगाचा नकाशा असून ४८ शहरे आहेत. त्यांत आपली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईही आहेत. चार रोग पसरत जातात आणि खेळाडू त्यांवर उपाय शोधतात. या खेळात कोणी एक जिंकत नाही. एक तर सारे जिंकतात, नाही तर सारे हरतात. एकाच्या हातातील पान दुसऱ्याच्या उपयोगी पडले पाहिजे, दूरच्या शहरातील साथ आपली मानली पाहिजे. जे धर्मोपदेशक व्यासपीठावरून सांगत आले, तेच हा खेळ पुठ्ठ्याच्या पटावर दाखवून देतो.

तरीही खेळाचा धडा गिरविताना सावध राहिले पाहिजे. पटावर सर्वांना सारखीच संधी असते. समाजात ती नसते. टाळेबंदीत कामगार आपली मुले खांद्यावर घेऊन शेकडो मैल पायी निघाले. एका खोलीत सात-आठ माणसे राहतात, तेथे दोन गजांचे अंतर आणायचे कोठून? पटावरील रोग हे रंगीत ठोकळे असतात. ठोकळे हलविणाऱ्याच्या घरी रडू येत नाही. 'आपण सारे एकाच डावात आहोत' हे वाक्य खरे आहे, पण ते उच्चारण्याआधी कोणाच्या खिशातून डावाची किंमत दिली जाते, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. दूर राहणे ही सोबत असेल, तर ती केव्हापर्यंत?

माणूस दुराव्यातही पूल बांधतोच. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील सॅन दिएगो येथे पोलिओच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या एलिनॉर ॲबट या शिक्षिकेने तेथील मुलांसाठी 'कँडी लँड' हा खेळ रचला. तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. वाचता न येणाऱ्या मुलालाही नुसत्या रंगांच्या पानांवरून तो खेळता येतो. अंथरुणाला खिळलेल्या मुलांची सोंगटी तरी रंगीत वाटेवरून चालत गेली! २०२० साली आपणही तसेच केले. नवी मुंबईत तयार झालेल्या 'लुडो किंग' या फोनवरील खेळात नागपूरची आजी आणि बंगळूरची नात एका पटावर आल्या. त्याच वर्षी बुद्धिबळाचे ऑलिंपियाड प्रथमच संगणकावर झाले. ३० ऑगस्टच्या अंतिम सामन्यात इंटरनेटच्या बिघाडामुळे भारताचे निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला व त्यांचे डाव गेले. प्रथम रशिया विजयी ठरली. भारताने दाद मागितली. आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच, जे स्वतः रशियन आहेत, त्यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. नियमाच्या अक्षरापलीकडे न्याय असतो, हे त्या दिवशी दिसले.

परंतु पूल हा राहण्यासाठी नसतो, पलीकडे जाण्यासाठी असतो. याबाबतीत मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. दर रविवारी उपासनेनंतर आम्ही बुद्धिबळ खेळत असू. मार्च २०२० मध्ये मी जाणे बंद केले, आणि ते योग्यच होते. त्यांचे वय तेव्हा ७८ होते. आम्ही फोनवर खेळू लागलो. पुढे लस आली, दोघांनीही घेतली, बाजार भरले, लग्ने झाली, उपासना पूर्ववत सुरू झाल्या. मी मात्र फोनवरच खेळत राहिलो. ते सोयीचे होते. कंटाळा आला की 'उद्या खेळू' म्हणता येत असे. चहा झाल्यावर त्यांच्या दिवंगत पत्नीच्या आठवणी ऐकत बसावे लागत नसे. एके दिवशी, २०२२ च्या अखेरीस, जिन्यात त्यांची गाठ पडली. ते हसून म्हणाले, "काय हो, आता कोणती साथ आली आहे?"

मला उत्तर देता आले नाही. प्रेमाने सोडलेली खुर्ची आणि आळसाने सोडलेली खुर्ची बाहेरून सारखीच रिकामी दिसते. फरक असतो तो अंतःकरणात. आणि अंतःकरण असे लबाड, की कालच्या प्रेमाचे कारण पुढे करून ते आजचा आळस झाकते.

वाचकहो, ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण कोणत्याही संघटनेला आपल्या घरची आणीबाणी संपविता येत नाही. ती आपणच संपवायची असते. आजारी माणसाला भेटणे, दुःखी घरी जाऊन नुसते बसणे, वृद्धांबरोबर एक डाव खेळणे, यांपैकी काय काय आपण २०२० साली त्यांच्या भल्यासाठी थांबविले आणि नंतर आपल्या सोयीसाठी थांबलेलेच ठेवले, याची एक यादी आपण प्रत्येकाने मनाशी करावी. उद्या पुन्हा एखादी साथ येईल. तेव्हा पुन्हा दूर राहावे लागेल, आणि ते आपण न कुरकुरता करावे. पण जो जवळ असताना खरोखर जवळ बसला होता, त्याच्याच दूर राहण्याला प्रेमाचा अर्थ येतो.

मी आता रविवारी पुन्हा जातो. बहुतेक वेळा हरतो. चहा होतो, आणि त्या जुन्या आठवणी मी पुन्हा एकदा ऐकतो.